कागद नसलेल्या मुलांना अमेरिकेत कॉलेजसाठी पैसे कुठून मिळतात आणि सुरुवात कुठून करायची

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मुलांचे एसएटीचे मार्क, कोणाला कुठे अ‍ॅडमिशन मिळाली, सगळं बोललं जातं, पण ज्या घरातल्या मुलाकडे अमेरिकेत राहायचे कायदेशीर कागद नाहीत ते घर गप्प बसतं. कोणी टुरिस्ट व्हिसावर आले आणि राहिले, कोणाची नोकरी गेली आणि एच-वन संपला, कोणाचा असायलमचा, म्हणजे आश्रयाचा, अर्ज नाकारला गेला, कारणं प्रत्येकाची वेगळी. आणि मूल बारावीला आलं की घरात सगळे धरून चालतात की फाफ्सा भरता येत नाही म्हणजे पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणजे कॉलेज नाही. तसं नाहीये. फाफ्सा हा मुळात केंद्र सरकारच्या पैशांचा अर्ज आहे. राज्याचे पैसे, कॉलेजचे स्वतःचे पैसे, खाजगी स्कॉलरशिप, ह्या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि बऱ्याच राज्यांत ते ह्या मुलांना उघडे आहेत. मी ज्या घरांना फॉर्म भरायला मदत करते तिथे कायद्यामुळे जितके पैसे जातात त्याहून जास्त उशिरा विचारल्यामुळे जातात, कारण कोणाला कळू नये म्हणून विचारलंच जात नाही आणि तोपर्यंत तारीख निघून गेलेली असते. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. कुठल्याही फॉर्मवर, कितीही छोटा असला तरी, मुलाने "यूएस सिटिझन" वर टिक करायची नाही, आणि दुसऱ्याचा किंवा मनाने बनवलेला सोशल सिक्युरिटी नंबर टाकायचा नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात फार जड धरला जातो, पुढे लग्नातून किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गाने ग्रीन कार्डची वेळ आली तर त्या एका टिकमुळे तो रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. रकाना रिकामा ठेवलेला चालतो, खोटा भरलेला चालत नाही. मुलांना वाटतं की ऑनलाइन फॉर्म पुढे जात नाहीये तर काहीतरी टाकून बघू, तर त्यांना हे नववीतच बसवून सांगा.

मग मूल नक्की कुठल्या गटात बसतं ते पक्कं करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. व्हिसा संपलेला किंवा कधीच नव्हता, तर तो एक गट. डाका असलेली मुलं दुसरा गट, म्हणजे २०१२ साली ओबामांच्या काळात सुरू झालेली योजना, त्यात १५ जून २००७ च्या आधीपासून अमेरिकेत असणं आणि वयाच्या सोळाव्या वर्षाआधी आलेलं असणं ह्या अटी आहेत, त्यामुळे आत्ता हायस्कूलमध्ये असलेल्या मुलांना ती तशीही लागू होत नाही. २०२१ पासून नवीन अर्ज मंजूर होत नाहीत, जुन्यांचं नूतनीकरण चालू आहे. डाकावाल्या मोठ्या भावंडाकडे सोशल नंबर असतो म्हणून त्याला फाफ्सा भरता येतो, पण केंद्राची मदत मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरा गट आपल्या लोकांत सगळ्यात मोठा, एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर असलेली मुलं. ह्यांच्याकडे कागद आहेत, पण फाफ्सा ह्यांनाही नाही. आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो, ग्रीन कार्डच्या रांगेत आईवडील पंधरा वर्षं उभे असले तरी. कॅलिफोर्नियात एच-फोरवरच्या मुलाला रहिवासी म्हणून इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या लोकांची कमी फी लागू शकते कारण हा व्हिसा इथे घर मानण्याच्या आड येत नाही, पण तेच मूल एफ-वन ह्या विद्यार्थी व्हिसावर गेलं की तो हक्क जातो, कारण एफ-वनच्या नियमातच घर परदेशात आहे असं धरलंय. म्हणून विसाव्या वर्षीच कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला जाऊन विचारा की व्हिसा बदलला तर फी किती होईल, आणि त्याच आठवड्यात इमिग्रेशन वकिलालाही विचारा. फी वाचेल म्हणून स्टेटस मुद्दाम संपू द्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, चार वर्षांच्या फीपेक्षा ते फार महाग पडतं.

आता राज्य. शाळेचा प्रश्न १९८२ सालीच सुप्रीम कोर्टाने प्लायलर विरुद्ध डो ह्या खटल्यात सोडवला, बारावीपर्यंत कुठल्याही मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही. कॉलेजला तो निकाल लागू नाही, तिथे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावशीने सांगितलेलं टेक्सासमध्ये चालत नाही, अटलांटात राहणाऱ्या काकांचा अनुभव कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला सल्ला वाचताना आधी राज्य कुठलं आणि साल कुठलं ते बघा.

कॅलिफोर्नियाचं मी सविस्तर सांगते कारण तिथलं मला नीट माहितीये आणि तिथे मिळतंही सगळ्यात जास्त.

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सारखी गल्लत करतात. एक आहे फी कमी होणं, दुसरी आहे हातात मदत मिळणं. फी कमी होते एबी ५४० नावाच्या २००१ सालच्या कायद्याने. मूल कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकलं असेल आणि इथूनच पास झालं असेल तर त्याला बाहेरच्या राज्याची फी लावत नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियामध्ये, म्हणजे यूसीमध्ये, बाहेरच्यांना वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर जास्तीचे पडतात, तेवढे सरळ वाचतात. मूल भारतातून अकरावीला आलं आणि तीन वर्षं भरत नाहीत तर लगेच हताश होऊ नका, २०१७ च्या एसबी ६८ ने अ‍ॅडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेजमधली वर्षंसुद्धा त्यात धरायची सोय केलीये, म्हणजे दोन वर्षं हायस्कूल आणि पुढे कम्युनिटी कॉलेज असं मिळूनही अट पूर्ण होऊ शकते. व्हिसा चालू असलेल्या मुलाला मात्र हे साधारणपणे मिळत नाही, मानवी तस्करीच्या आणि गुन्ह्यांच्या बळींसाठीचे टी आणि यू व्हिसा सोडून.

ह्यासाठी कॉलेजमध्ये एक अ‍ॅफिडेव्हिट भरावं लागतं. त्यात लिहिलेलं असतं की मला कायदेशीर होण्याचा मार्ग मिळाला की मी लगेच अर्ज करीन. ते वाचून आईवडील घाबरतात, सही करू नको म्हणतात. सही करा. तो कागद कॉलेजच्या रेकॉर्डमध्ये राहतो, गोपनीय असतो. अ‍ॅडमिशन मिळाल्यावर तो आपणहून द्यायचा असतो, कॉलेज आठवण करेलच असं नाही, आणि न दिल्यास पहिलं बिल बाहेरच्या दराने येतं. तसं बिल आलं तर पैसे भरायच्या आधी रजिस्ट्रारकडे जा. कॉलेज बदललं की तो परत भरायचा.

दुसरी गोष्ट मदतीची. २०११ साली राज्याने ह्या मुलांना सरकारी मदत उघडली आणि त्याचा फॉर्म म्हणजे कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्ट अ‍ॅप्लिकेशन. फाफ्साच्या ऐवजी हा भरायचा, दोन्ही भरायचे नाहीत. हा कॅलिफोर्निया स्टुडंट एड कमिशनकडे जातो, केंद्राकडे नाही. साधारण ऑक्टोबरमध्ये उघडतो आणि चार वर्षांच्या कॉलेजसाठी २ मार्च ही तारीख डोक्यात कोरून ठेवा, एखाद्या वर्षी ती पुढे ढकलतात पण त्या भरवशावर राहू नका. कम्युनिटी कॉलेजवाल्यांना २ सप्टेंबरची अजून एक संधी असते. ह्या एका फॉर्मवर राज्याची कॅल ग्रँट, मिडल क्लास स्कॉलरशिप, युनिव्हर्सिटीची स्वतःची ग्रँट, कम्युनिटी कॉलेजची फी माफी आणि ड्रीम लोन असं सगळं ठरतं. ड्रीम लोन वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत, घ्यायलाच हवं असं नाही, ग्रँट आधी बघा. फॉर्म फुकट आहे. भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

फॉर्म भरताना आपल्या घरांमध्ये तीन ठिकाणी गाडी अडते. नावं पहिली. पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि मग आडनाव, शाळेत फक्त नाव-आडनाव, कुठे वडिलांचं नाव मिडल नेम झालंय तर कुठे पहिल्या नावालाच चिकटलंय. राज्य शाळेकडून आलेला जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, आणि फॉर्म जुळवून बघतं, नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर कॅल ग्रँट नुसती अडकून पडते आणि कोणी फोन करून सांगत नाही. म्हणून शाळेच्या रेकॉर्डमध्ये जसं नाव आहे अगदी तसंच फॉर्मवर लिहा, आणि मग कमिशनच्या वेबग्रँट्स ह्या साइटवर खातं उघडून जीपीए जुळला का ते स्वतः बघा. आईचं लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं असेल तर तिच्या टॅक्सच्या कागदावर जे आहे ते वापरा.

टॅक्स हे दुसरं. रोख पगारावर काम करणाऱ्या, मोटेलमध्ये नाहीतर दुकानात राबणाऱ्या आईवडिलांनी टॅक्स भरलेलाच नसतो किंवा आयटिन नंबर घेऊन भरलेला असतो. आयटिन म्हणजे सोशल नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर, तो डब्ल्यू-सेव्हन फॉर्मवर मिळतो. भरला असेल तर आकडे तिथून घ्या, नसेल तर जे उत्पन्न आहे ते खरं लिहा आणि कॉलेज मागेल तेव्हा नॉन-फायलिंगचं, म्हणजे टॅक्स भरलेला नाही असं सांगणारं पत्र द्यायची तयारी ठेवा. आता नव्याने आयटिन काढावा का, हा प्रश्न मात्र आजच्या दिवसांत आधी वकिलाला विचारा, कारण २०२५ मध्ये टॅक्स खातं आणि इमिग्रेशन खातं ह्यांच्यात माहिती देण्याघेण्याचा करार झालाय.

आणि तिसरं म्हणजे भारतातली मालमत्ता. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट, स्वतःच्या नावावर असलेला प्लॉट, गावच्या जमिनीतला हिस्सा, लोक म्हणतात ते इथे कशाला दाखवायचं. फॉर्म राहत्या घराशिवायची सगळी मालमत्ता विचारतो, देश कुठलाही असो. खरं लिहा, पण आजोबांच्या नावावर असलेलं स्वतःचं म्हणून लिहू नका. गावी आईवडिलांना पैसे पाठवता ते फॉर्ममध्ये कुठेच वजा होत नाहीत, पण ते कॉलेजच्या एड ऑफिसला पत्र लिहून, पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडून सांगता येतं, आणि ते पत्र वाचलं जातं. नोकरी गेली, आजारपण आलं, तेही असंच कळवायचं.

अ‍ॅडमिशनच्या अर्जाचं थोडं. यूसीच्या अर्जात नागरिकत्वाच्या ठिकाणी "नो सिलेक्शन", आणि कॅल स्टेटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, अर्जात स्टेटसपुढे "नन" असा पर्याय असतो, आपल्या मुलांनी तो घ्यायचा. "इंटरनॅशनल" निवडलं तर फाइल वेगळ्याच टेबलावर जाते आणि परत आणायला महिना जातो.

कम्युनिटी कॉलेजबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्या घरांमध्ये त्याचं नाव काढलं की चेहरे पडतात, लोक काय म्हणतील, हुशार मुलगी आणि ओलोनी कम्युनिटी कॉलेजला जाते? अहो, एबी ५४० लागू झाला की कॅलिफोर्नियात एका युनिटचे ४६ डॉलर पडतात. पंधरा युनिटचं सेमिस्टर म्हणजे ६९० डॉलर, आणि कमी उत्पन्न असेल तर प्रॉमिस ग्रँटने तेही माफ. दोन वर्षं घरून जाऊन करायचं आणि मग यूसीला ट्रान्स्फर व्हायचं, डेव्हिस, अर्वाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड ह्या सहा कॅम्पसमध्ये तर अटी पूर्ण केल्या की जागेची हमी देणारी योजना आहे. डिग्रीवर यूसीचंच नाव येतं. ज्या घरात कर्ज काढायची सोयच नाही तिथे हा मला सगळ्यात शहाणपणाचा रस्ता वाटतो आणि तो निवडणाऱ्या मुलांना कमी लेखायचं काहीच कारण नाही. शिवाय २०१९ च्या कायद्याने प्रत्येक कम्युनिटी कॉलेज आणि कॅल स्टेटमध्ये ड्रीम रिसोर्स लिएझन म्हणजे ह्या मुलांसाठी नेमलेला माणूस असतो. त्याला शोधा, पहिल्या आठवड्यात भेटा.

बाकी राज्यं. न्यू जर्सीत २०१३ पासून इन-स्टेट फी आणि २०१८ पासून राज्याची मदत मिळते, तीन वर्षं तिथल्या हायस्कूलची अट आहे, आणि फॉर्मचं नाव न्यू जर्सी अल्टरनेटिव्ह फायनान्शियल एड अ‍ॅप्लिकेशन, तो राज्याच्या हेसा ह्या संस्थेकडे. एडिसन, जर्सी सिटीकडच्या लोकांनी हे नाव लिहूनच ठेवा. न्यूयॉर्कमध्ये २०१९ चा होजे पेराल्टा ड्रीम अ‍ॅक्ट, दोन वर्षं हायस्कूल आणि तिथून पास, मग राज्याच्या टॅप ग्रँटचा अर्ज करता येतो. इलिनॉयमध्ये २०१९ चा राइज अ‍ॅक्ट आणि त्याचा अल्टरनेटिव्ह अर्ज. वॉशिंग्टन राज्यात वास्फा नावाचा अर्ज. नाव वेगळं, पद्धत जवळपास तीच.

जिथे दार बंद आहे तेही सांगायला हवं. टेक्सास हे २००१ साली असा कायदा करणारं पहिलं राज्य होतं, जून २०२५ मध्ये केंद्राने खटला भरला, राज्याने त्याच दिवशी मान्य केलं आणि कोर्टाने इन-स्टेट फी थांबवली. फ्लोरिडाने स्वतःचा कायदा १ जुलै २०२५ पासून काढून टाकला. ओक्लाहोमा तसंच मान्य करून मोकळं झालं. मिनेसोटा, इलिनॉय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियावरही केंद्राने खटले भरलेत, त्यामुळे वर मी जे सांगितलं ते भरायच्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसमधून परत एकदा तपासून घ्या. जॉर्जियात २०१० पासूनच्या धोरणाने युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक ह्या मुलांना घेतच नाहीत, दक्षिण कॅरोलायनात तर सरकारी कॉलेजमध्ये प्रवेशच नाही. तिथल्या घरांनी खाजगी कॉलेजकडे आधी बघावं, किंवा दुसऱ्या राज्यातल्या.

खाजगी कॉलेज म्हटलं की पन्नास-साठ हजार डॉलर डोळ्यांसमोर येतात आणि लोक पान उलटतात. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा काही ठिकाणी मुलाचं नागरिकत्व काहीही असो, पैसे लागतात का हे न बघता प्रवेश देतात आणि घराला परवडत नाही तेवढं सगळं कॉलेज भरतं, स्वतःच्या फंडातून. पोमोनासारखी कॉलेजं ह्या मुलांना इथल्याच मुलांच्या रांगेत धरतात. तिथे शिरणं फार अवघड आहे हे खरंच, पण हुशार मुलाने फक्त कागदांमुळे अर्जच न करणं ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ह्यासाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म लागतो, त्याला सोशल नंबर लागत नाही. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांनी क्वेस्टब्रिज ही अशा मुलांना मोठ्या कॉलेजांशी जोडणारी संस्था बघावी, अमेरिकेत हायस्कूलला असलेल्या मुलांना ती नागरिकत्वाशिवाय अर्ज करू देते, पण तारीख बारावीच्या सप्टेंबरमध्येच असते, म्हणजे तयारी अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात. प्रत्येक कॉलेजला ईमेल करून एकच प्रश्न विचारा, कागद नसलेल्या विद्यार्थ्याला तुम्ही इथला धरता की इंटरनॅशनल, आणि मदत पूर्ण देता का. मुलाचं नाव न देताही विचारता येतं.

खाजगी स्कॉलरशिपमध्ये द ड्रीम डॉट यूएस सगळ्यात मोठी, सोळा वर्षांच्या आत आलेल्या मुलांसाठी, डाका नसला तरी चालतो, पण ठरावीक कॉलेजांमध्येच. बंद राज्यांमधल्या मुलांसाठी त्यांची वेगळी स्कॉलरशिप आहे. इमिग्रंट्स रायझिंग ही सॅन फ्रान्सिस्कोची संस्था सोशल नंबर न मागणाऱ्या स्कॉलरशिपची यादी ठेवते, ती फुकट आहे, तिथून सुरू करा. शाळेच्या काउन्सेलरला सांगावं का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. माझं मत, सांगा, पण आधी आडून विचारा की ड्रीम अ‍ॅक्टचा फॉर्म भरायला तुम्ही मदत करता का, आणि उत्तर कसं येतं ते बघून पुढचं ठरवा. शैक्षणिक रेकॉर्ड १९७४ च्या फेर्पा कायद्याखाली येतात, कॉलेज ते असंच कोणाला देऊ शकत नाही, कोर्टाचा आदेश आला तर गोष्ट वेगळी. निबंधात आईवडिलांची नावं, कुठे काम करतात, कधी आले, हे लिहायची अजिबात गरज नाही. मुलाला काय शिकायचंय ते लिहू दे.

धाकटं भावंड इथे जन्मलेलं असेल तर ते नागरिक आहे आणि त्याचा केंद्राच्या पेल ग्रँटचा पूर्ण हक्क आहे, आईवडिलांचं स्टेटस फाफ्सा विचारत नाही. पण आईवडिलांना सोशल नंबर नसताना खातं उघडून सही करावी लागते, आणि ती माहिती केंद्राकडे जाते, म्हणून आजकाल घरं अडखळतात. कॅलिफोर्नियाने अशा घरांना राज्याच्या मदतीपुरता ड्रीम अ‍ॅक्टचा फॉर्म भरायची मुभा दिलीये, पण त्यात वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंतचा पेल हातचा जातो. कोणती जोखीम घ्यायची हे त्या घराने वकिलाशी बोलून ठरवायचं, शेजाऱ्याने नाही. आधीच्या भावंडाच्या वेळी फाफ्सा भरलेला असेल तर माहिती तशीही तिकडे आहे, हेही मोजा.

आणि कॉलेज सुरू झाल्यावरचं एक, जे आपल्याकडे हमखास होतं. गावाकडून फोन येतो, आजी शेवटचे दिवस मोजतेय, मुलगा म्हणतो जाऊन येतो. अठरा वर्षांनंतर स्टेटस नसताना १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं आणि वर्षाहून जास्त झालं असेल तर दहा वर्षं परत येण्यावर बंदी लागू शकते, अठराच्या आतले दिवस ह्यात धरत नाहीत. कॉलेजचा परदेशी सेमिस्टरचा कार्यक्रमसुद्धा ह्यातच आला, प्रोफेसरला हे माहीत नसतं, तो प्रेमाने नाव घालेल. तिकीट काढायच्या आधी कॅम्पसवरच्या इमिग्रेशन वकिलाला भेटा, यूसी, कॅल स्टेट आणि कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये ही सेवा विद्यार्थ्यांना फुकट आहे. ह्याच भेटीत मुलाला दुसरा एखादा मार्ग लागू होतो का तेही तपासून घ्या, मुलगा नाहीतर घरातलं कोणी गुन्ह्याचं बळी असेल तर यू व्हिसा, किंवा आईवडिलांपैकी एकाने टाकून दिलं असेल, मारहाण केली असेल तर अल्पवयीन मुलांसाठीचा वेगळा अर्ज, आणि त्या दुसऱ्या अर्जाला वयाची मर्यादा असते म्हणून ही भेट बारावीत झाली तर जास्त बरं.